भावाला एमडीच्या केसमध्ये अटक झाली आहे, घरच्यांनी काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीत राहणारा तुमचा धाकटा भाऊ, वय २२, मित्राच्या दुचाकीवर मागे बसला होता. रस्त्यात पोलिसांनी अडवलं. मित्राच्या खिशात ४ ग्रॅम आणि गाडीच्या डिकीत २८ ग्रॅम एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सापडल्याचं पंचनाम्यात लिहिलंय. भावाकडे फक्त मोबाइल होता. त्यात दोघांचे चॅट आहेत आणि मित्राला यूपीआयने पाठवलेले ३,००० रुपये दिसतात. एफआयआरला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याची कलमं ८(सी), २२(बी) आणि २९ लागली आहेत. पाच दिवसांची पोलीस कोठडी सुरू आहे. जामीन होईल का, किती दिवस लागतील, घरच्यांनी काय करायचं आणि 'तो कधीकधी घेतो' हे कोर्टाला सांगायचं का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

आज हातात असलेल्या कागदांवरून ही जामीन मिळण्यासारखी केस आहे. पण दोन गोष्टी बदलल्या तर चित्र पार पालटतं. एक म्हणजे वजन आणि दुसरी म्हणजे कलम २७ए, म्हणजे अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवण्याचं कलम. घरचे लोक बहुतेक वेळा तिसऱ्याच गोष्टीमागे धावत असतात: कोण साहेब ओळखीचे आहेत, कोणता वकील 'नक्की बेल करून देतो' म्हणतो. म्हणून वजनापासून सुरुवात करतो.

एनडीपीएस कायदा १९८५ चा. २००१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि शिक्षा मालाच्या वजनाला बांधली गेली. प्रत्येक पदार्थाचं 'अल्प प्रमाण' आणि 'व्यावसायिक प्रमाण' सरकारी अधिसूचनेत ठरलेलं आहे. गांजा १ किलो आणि २० किलो. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन, ज्याला आपल्याकडे गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतात, ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. पार्टीतल्या गोळ्या, म्हणजे एमडीएमए, अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. मेफेड्रोन २०१५ मध्ये या कायद्याखाली आलं, त्याची मर्यादा २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प प्रमाणात जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाणात किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं, शिवाय किमान एक लाखाचा दंड. या दोन्हींच्या मधलं जे असतं त्याला आम्ही कोर्टात 'मधली क्वांटिटी' म्हणतो. त्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान शिक्षा ठरलेली नाही. तुमच्या भावाच्या एफआयआरमधल्या २२(बी) चा अर्थ हाच. तिथे २२(सी) असतं तर माझं हे उत्तर वेगळं झालं असतं.

वजन म्हणजे निव्वळ वजन की पिशवीसकट, हे पंचनाम्यात बघायला वकिलांना सांगा. तुमच्याकडे ३२ ग्रॅम आहे, मर्यादेपासून लांब, त्यामुळे फार फरक पडणार नाही. पण ५१ किंवा ५२ ग्रॅमच्या केसमध्ये प्लास्टिकच्या पाउचचं वजन धरलंय की नाही यावर माणूस चार महिन्यांत बाहेर येणार की चार वर्षांनी, हे ठरतं. गांजात आणखी एक मुद्दा असतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पोलीस बरेचदा काटक्या, पानं, बिया सगळं एकत्र तोलून २२ किलो लिहितात. तिथे भांडायला जागा असते.

मात्र पावडरमध्ये भेसळ होती, शुद्ध एमडी फक्त अमुक टक्के होतं, हा बचाव आता उपयोगाचा नाही. २००८ च्या एका निकालामुळे तो काही वर्षं चालायचा. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. इंटरनेटवर जुने लेख वाचून येणारे पक्षकार अजूनही हा मुद्दा घेऊन येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता कलम २९. हे कटाचं आणि साहाय्याचं कलम. ते लावल्यामुळे मित्राच्या खिशातलं आणि डिकीतलं सगळं वजन पोलीस तुमच्या भावाच्याही नावावर धरतात. कट दिसत नसेल तर प्रत्येकाकडे जे सापडलं तेवढंच त्याचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अमरसिंग बारोट प्रकरणात म्हटलंय. तुमच्या भावाच्या जामीन अर्जाचा पहिला मुद्दा हाच: त्याच्या अंगावर काही नाही, गाडी त्याची नाही, डिकीची चावी त्याच्याकडे नाही. याला आम्ही जाणीवपूर्वक ताबा नव्हता असं म्हणतो. सरकारी वकील कलम ३५ आणि ५४ ची गृहीतकं पुढे करतील. ताबा सिद्ध झाला की माहिती होती असं कोर्ट धरून चालतं आणि ते खोडणं आरोपीवर येतं. पण आधी ताबा दाखवावा लागतो, आणि मागच्या सीटवर बसणं म्हणजे ताबा नाही. चॅटमध्ये काय आहे यावर मात्र बरंच अवलंबून आहे. 'आज माल आला का' असं लिहिलेलं असेल तर वकिलाला ते आजच सांगा. सुनावणीत सरकारी वकिलाच्या तोंडून त्यांना ते पहिल्यांदा कळता कामा नये.

जामिनाच्या वाटेतला खरा अडथळा कलम ३७ आहे. ते लागलं की कोर्टाला दोन गोष्टींबद्दल समाधान व्हावं लागतं: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही. खटला सुरू होण्याआधीच जवळजवळ निर्दोष असल्याचं पटवून द्यायचं, इतकी उंच ही पायरी आहे. पण ती फक्त व्यावसायिक प्रमाणाला आणि कलम १९, २४ व २७ए ला आहे. मधल्या क्वांटिटीला नेहमीचे निकष लागतात: पूर्वीचे गुन्हे, पळून जाण्याची शक्यता, तपास कुठवर आलाय, वय, शिक्षण, राहण्याचा पक्का पत्ता. अल्प प्रमाण असलं की जामीन आपोआप मिळतो असाही समज आहे. तो चुकीचा. रिया चक्रवर्ती यांच्या जामिनाच्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये या कायद्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. फरक इतकाच की अल्प प्रमाणात कोर्ट सहसा फार ताणत नाही.

त्याच निकालातला दुसरा भाग तुमच्या जास्त कामाचा आहे. कलम २७ए अवैध व्यापाराला पैसा पुरवणं आणि आरोपीला आसरा देणं याबद्दल आहे, शिक्षा १० ते २० वर्षं. वजन कितीही कमी असलं तरी २७ए लागलं की ३७ लागतं. तुमच्या भावाचे ते ३,००० रुपये बघून तपास अधिकाऱ्याला हे कलम वाढवण्याचा मोह होऊ शकतो. उच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं की कुणाच्या सेवनासाठी पैसे देणं म्हणजे अवैध व्यापाराला वित्तपुरवठा नव्हे. म्हणून वकिलांना रोज एवढंच विचारा: रिमांड अर्जात नवीन कलम आलंय का? आणि ते पैसे कशाचे होते, याचा पुरावा असेल तर शोधून ठेवा. हॉटेलचं बिल असेल, क्रिकेटच्या टर्फचे पैसे असतील, उसने घेतलेले परत केले असतील. पुरावा खरा असेल तरच. नंतर तयार केलेला कागद पकडला गेला तर केस तिथेच संपते, शिवाय तुम्हीही त्यात अडकता.

पोलीस कोठडीत भावाने काय करायचं, हे त्याला वकिलांमार्फत कळवा. नव्या संहितेच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान त्याला वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. अर्ज देऊन ती मागावी लागते. मारहाण झाली असेल तर पुढच्या वेळी कोर्टासमोर उभं केल्यावर त्याने स्वतः सांगायचं, आणि वकिलांनी वैद्यकीय तपासणीचा अर्ज तिथेच द्यायचा. कोठडीत त्याच्याकडून लिहून घेतलेल्या कबुलीची फार धास्ती घेऊ नका. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. एनसीबी किंवा डीआरआय या केंद्रीय तपास यंत्रणांचे अधिकारी कलम ६७ खाली जबाब घेतात, तो आधी चालायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये तोफान सिंग निकालाने तोही बंद केला. मित्राने 'मालक हाच आहे' म्हणून नाव घेतलं असेल तर त्याचीही किंमत तेवढीच, जोपर्यंत स्वतंत्र पुरावा सापडत नाही तोपर्यंत. मात्र त्या जबाबावरून दुसरीकडे काही माल जप्त झाला तर तेवढा भाग वापरता येतो.

अटकेची कारणं त्याला लेखी दिली का, हे आवर्जून विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून एकामागून एक निकालांत हा मुद्दा कडक केला. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की कारणं लेखी हवीत आणि आरोपीला समजेल अशा भाषेत हवीत. 'तुमच्यावर एनडीपीएसचा गुन्हा दाखल आहे' एवढ्या एका ओळीच्या फॉर्मला कारणं म्हणत नाहीत.

झडतीच्या कागदांत काय बघायचं हे वकिलांचं काम, तरी घरच्यांनाही अंदाज असावा. गुप्त बातमी आधी मिळाली होती असं एफआयआर म्हणत असेल तर ती लिहून घेऊन ७२ तासांत वरिष्ठांना पाठवली का, हे कलम ४२ सांगतं. रस्त्यावर पकडलं म्हणजे कलम ४३ लागू, ४२ ची गरज नाही, असं पोलीस म्हणतील. पण रस्त्यावर उभी असली तरी खासगी गाडी सार्वजनिक वाहन ठरत नाही आणि तिथे ४२ पाळावं लागतं, असं बूटा सिंग प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. तुमच्या भावाच्या केसमध्ये डिकी आहे, त्यामुळे हा निकाल नक्की दाखवायला सांगा. कलम ५० मध्ये अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आरोपीला सांगावा लागतो. पण ते फक्त अंगाच्या झडतीला आहे, पिशवीला किंवा डिकीला नाही. म्हणजे त्यातला दोष मित्राच्या ४ ग्रॅमपुरता कामाला येईल, २८ ला नाही. कलम ५२ए खाली दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढायचे असतात. आणि १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं नव्या संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलंय. ते व्हिडिओ कुठे आहे, कधी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवलं, हे विचारलंच पाहिजे.

हे सगळं वाचून 'एक चूक सापडली की केस उडाली' असं वाटेल. तसं होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ५२ए मध्ये कसूर झाली एवढ्याने आरोपी सुटत नाही, बाकीचा पुरावा भक्कम आहे का हे बघायचं. तक्रारदार आणि तपास अधिकारी एकच असला तर केस पडते, असंही एक मत होतं, तेही २०२० मध्ये घटनापीठाने मोडीत काढलं. म्हणून मी पक्षकारांना सांगतो की या चुका खटल्यात एकमेकींवर रचून वापरायच्या असतात. जामिनाच्या वेळी त्यातल्या ठळक दोन-तीन पुरतात.

माल मुद्दाम ठेवला, किंवा अटक दाखवलेल्या जागी झालीच नाही, असं भाऊ म्हणत असेल तर वेळ फार कमी आहे. सोसायटीचे, दुकानांचे, पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही काही आठवड्यांत नव्या चित्रीकरणाखाली पुसले जातात. दुकानदाराला आजच विनंती करा आणि वकिलांकडून कोर्टात ते जपून ठेवण्याचा अर्ज द्या. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांसाठीही तसाच अर्ज करता येतो. छाप्यातल्या पोलिसांचे कॉल रेकॉर्ड आणि टॉवर लोकेशन जपून ठेवायचे आदेश एनडीपीएसच्या प्रकरणांत कोर्टांनी दिलेले आहेत. खटल्याच्या वेळी दोन-तीन वर्षांनी हे मागून काही हाती लागत नाही.

किती दिवस लागतील? पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची असते, पण नव्या संहितेत ती तुकड्यांत मागता येते. म्हणून न्यायालयीन कोठडी मिळाली की लगेच सुटकेचा नि:श्वास टाकू नका. तिथून विशेष न्यायालयात जामीन अर्ज करायचा. सरकारी वकिलांचं म्हणणं यायला एक-दोन तारखा जातात. रसायन विश्लेषकाचा अहवाल, ज्याला सगळे सीए रिपोर्ट म्हणतात, कलिना किंवा विभागीय प्रयोगशाळेतून यायला वेळ लागतो आणि तो येईपर्यंत काही न्यायाधीश थांबणं पसंत करतात. खाली अर्ज फेटाळला तर मुंबई उच्च न्यायालय. तिथे तारीख लागायलाच आठवडे जातात. दोषारोपपत्र आल्यावर पुन्हा खालीच नव्याने अर्ज करायचा की आहे तिथून वर जायचं, हा निर्णय कागद बघून घ्यावा लागतो. माझं मत सांगायचं तर बावीस वर्षांच्या, पहिल्याच केसमधल्या, अंगावर काही न सापडलेल्या मुलासाठी दोषारोपपत्राची वाट न बघता पहिला अर्ज करावा.

दिवस मोजायचं काम मात्र घरच्यांनी स्वतः करावं. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, याला डिफॉल्ट बेल म्हणतात. व्यावसायिक प्रमाण किंवा २७ए असेल तर मुदत १८० दिवस, आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर ती एक वर्षापर्यंत वाढू शकते. मधल्या क्वांटिटीला, २०१७ च्या राकेश कुमार पॉल निकालातला तर्क धरला तर, ६० दिवस. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून आणि तो दिवस धरून, असं २०२३ मध्ये ठरलंय. ६० दिवस पूर्ण झाले की ६१ व्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच अर्ज दाखल झाला पाहिजे. दुपारी दोषारोपपत्र आलं तरी आधी केलेल्या अर्जाचा हक्क जात नाही. एम. रवींद्रन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नेमकं एनडीपीएसच्याच केसमध्ये २०२० मध्ये सांगितलंय. पण अर्जच केला नाही आणि दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. कॅलेंडरवर तारीख लिहून भिंतीवर लावा आणि आठवडाभर आधी वकिलांना आठवण करा. वकिलांकडे शंभर केस असतात, तुमच्याकडे एकच आहे.

ज्यांच्या घरचा माणूस व्यावसायिक प्रमाणात अडकला आहे आणि वर्षानुवर्षं आर्थर रोडला, तळोजाला किंवा येरवड्याला आहे, त्यांच्यासाठी थोडं. मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खटला अवाजवी लांबला असेल तर कलम ३७ असतानाही जामीन देता येतो. त्यानंतर असे बरेच आदेश झाले. त्यासाठी अर्जात लिहायचं ते असं: किती साक्षीदार आहेत, किती तपासले, किती तारखांना सरकारपक्ष तयार नव्हता, आरोपीमुळे एकही तारीख वाढली नाही. रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदींच्या, प्रमाणित प्रती काढून हे आकडे भरायचे. नुसतं 'बरीच वर्षं आत आहे' म्हणून कोणी ऐकत नाही.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. 'तो कधीकधी घेतो' हे सांगायचं का? बहुतेक कुटुंबांना वाटतं की व्यसनी आहे म्हटलं की कोर्टाला दया येईल. अल्प प्रमाण किंवा कलम २७, म्हणजे सेवन, एवढंच असेल तर खरोखर उपयोग होतो. कलम ६४ए सांगतं की अशा केसमध्ये व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचार घेईल आणि ते पूर्ण करेल तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार सरकारी किंवा शासनमान्य संस्थेतच हवेत, कोपऱ्यावरच्या कुठल्याही 'नशामुक्ती सेंटर'मध्ये नाहीत. आधी मान्यतेचं पत्र मागा, मग भरती करा. उपचार अर्ध्यात सोडले तर संरक्षण काढून घेतलं जातं. दोषी ठरल्यानंतरही अशा केसमध्ये कलम ३९ खाली तुरुंगाऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडायचा अधिकार कोर्टाला आहे. ही दोन्ही कलमं आमचे वकीलही फार क्वचित वापरतात, याचं मला आश्चर्य वाटतं.

पण तुमच्या भावाची केस ३२ ग्रॅमची आहे. तिथे ६४ए लागत नाही. आणि अर्जात 'तो एमडीचा व्यसनी आहे' लिहिलं तर सरकारी वकील लगेच म्हणतील की म्हणजे डिकीत काय आहे हे त्याला माहीत होतं. ताबा नव्हता हा आपला मुख्य मुद्दा आपणच कमकुवत करतो. म्हणून लेखी अर्जात हे घालू नका. कट टिकला नाही आणि प्रकरण सेवनापुरतं उरलं तर तेव्हा बघू. उपचार मात्र आजपासून सुरू करायला हरकत नाही. त्याला झोप लागत नसेल, तो चिडत असेल, उदास असेल तर कोठडीत असतानाच वैद्यकीय मदतीचा अर्ज द्या. डॉक्टरांशी तो जे बोलेल ते मोकळेपणाने बोलू दे. गर्द घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे तातडीचं असतं. एका दिवसात उलट्या, जुलाब, अंगदुखी सुरू होते आणि त्या अवस्थेत माणूस कशावरही सही करतो. सुटल्यावर पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

घरच्यांसाठी काही गोष्टी. भावाचा दुसरा फोन, लॅपटॉप, घरात सापडलेली पुडी यातलं काहीही पुसू किंवा फेकू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात आई-वडील आरोपी झालेले मी पाहिले आहेत. असं काही सापडलं तर हात न लावता आधी वकिलांना फोन करा. साक्षीदार म्हणून चौकशीला बोलावलं तर नव्या संहितेच्या कलम १७९ प्रमाणे महिलांना आणि साठीच्या वरच्या पुरुषांना ठाण्यात येण्याची सक्ती नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. म्हणजे तुम्हाला आणि आईला ठाण्याच्या बाकावर रात्री अकरापर्यंत बसवून ठेवता येत नाही. मित्राच्या घरच्यांशी फोनवर केसबद्दल बोलू नका. दोघांचे बचाव एकमेकांविरुद्ध जाणार आहेत, म्हणून वकीलही वेगळा घ्या. एकाच वकिलावर दोघांचे वकालतनामे घेतले की पैसे वाचतात असं वाटतं, पण 'माल त्याचा, माझ्या पक्षकाराचा नाही' हे मग तो वकील म्हणूच शकत नाही.

पैशाचं बोलायचं तर, पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे कोणीतरी येईल आणि म्हणेल की अमुक लाख द्या, वजन कमी करून देतो, किंवा २७ए लावू देत नाही. पंचनामा झालेला असतो, माल सील होऊन गेलेला असतो, वजन आता कोणी बदलत नाही. पैसे जातात आणि लाच देण्याचा गुन्हा डोक्यावर येतो. फी देताना पावती मागा, आणि जामिनाची हमी देणाऱ्या वकिलाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी तरतूद आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. सरकारी वकील आणि हा मोफत वकील एकच, असा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. तो तुमचाच वकील असतो.

आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: 'तुमच्या मुलाच्या पार्सलमध्ये एमडी सापडलं, व्हिडिओ कॉलवर या, पैसे भरा' असा फोन आला तर ती अटक नव्हे, फसवणूक आहे. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा, मुलाला फोन करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

दुचाकी मित्राची असल्याने तुम्हाला तिची चिंता नाही. ज्यांची गाडी जप्त झाली आहे त्यांनी तात्पुरत्या ताब्यासाठी अर्ज करावा. एनडीपीएसमध्ये गाडी सोडताच येत नाही असं अनेक कोर्टं म्हणायची, जानेवारी २०२५ च्या बिश्वजित डे निकालानंतर तसं म्हणता येत नाही. मालकाला माहिती नव्हती हे दाखवता आलं तर गाडी वाचते. आरोपी अठरापेक्षा लहान असेल तर शाळेचा दाखला पहिल्याच दिवशी हजर करा. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि जामिनाचे निकषच बदलतात. आधीचे गुन्हे असलेल्यांनी मात्र सावध राहावं: एमपीडीए या राज्याच्या स्थानबद्धता कायद्याखाली वर्षभर स्थानबद्धता होऊ शकते आणि २०२५ च्या दुरुस्तीने अमली पदार्थांच्या टोळ्यांना मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदाही लावता येतो.

एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, बहुधा कोर्टाच्या आवारातच: 'सेवनाची केस करून घ्या, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.' अल्प प्रमाणाच्या केसमध्ये पोलिसही हे सुचवतात. बावीस वर्षांच्या मुलाने सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. कबुली म्हणजे दोषसिद्धी. सरकारी नोकरीच्या पडताळणीत, पासपोर्टच्या पोलीस अहवालात, परदेशी व्हिसाच्या अर्जात ती राहते. पुढे कधी दुसरी केस झाली तर कलम ३१ खाली शिक्षा दीडपट होऊ शकते. प्रोबेशन कायद्याचा फायदाही या कायद्यात जवळपास बंद आहे, कलम २६, २७ आणि अठरा वर्षांखालील मुलं सोडून. म्हणजे कबुली द्यायचीच असेल तर ती २७ ची, म्हणजे सेवनाची आहे की २२(ए) ची, म्हणजे अल्प प्रमाण बाळगण्याची, हे आधी तपासा.

आता या आठवड्याचं काम. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार नसल्याने माणसं महिनाभर आत राहतात. महाराष्ट्रातला पत्ता असलेला, कमावता, शक्यतो जवळचा नातेवाईक आत्ताच ठरवा. त्याचं आधार, रेशनकार्ड, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या किंवा घराचे कागद, वीजबिल, फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवा. आदेशात रोख जामिनावर तात्पुरतं सोडण्याची विनंती वकिलांनी त्याच वेळी करावी, कोर्ट सहसा काही आठवड्यांची मुदत देतं आणि मग सावकाश जामीनदार उभा करता येतो. भावाच्या कॉलेजचं बोनाफाइड, मार्कशीट आणि घराचा भाडेकरार सोमवारी रिमांडच्या तारखेला सोबत न्या. आणि वकिलांना त्या दिवशी रिमांड अर्जाची प्रत मागायला सांगा. मागच्या अर्जातल्या आणि या अर्जातल्या कलमांची ओळ शेजारी ठेवून वाचा.